दोन उशा आणि एक दगड

मास्तरांचा दावा असा होता, की या जगात कुणालाही काहीही सांगता येतं आणि समोरच्याला ते लागत नाही. फक्त सांगायची रीत पाहिजे. "माणूस बातमीने दुखावत नाही, बातमी उघडी पाठवली की दुखावतो," असं ते प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला म्हणायचे आणि मग टेबलावर दोन उशा आणि एक दगड मांडायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. वजनकाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात ते ट्रेनर होते. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची ट्रेनिंगची खोली. चोवीस खुर्च्या, एक पांढरा फळा आणि एक प्रोजेक्टर, जो तापला की आपणहून सुट्टी घ्यायचा. नवं मशीन आलं तर ते चालवायला मशीनवालेच शिकवून जायचे. मास्तरांच्या वाट्याला उरायचं ते वेळेचं नियोजन, रागाचं नियोजन, ताणाचं नियोजन. लोक म्हणायचे, ताण येतो तो वर्गाला बसवतात म्हणून येतो. पण तोंडावर कुणी म्हणायचं नाही. मास्तरांचं वय एक्कावन्न, नोकरीला बारा वर्षं झालेली, आणि आपण नसतो तर ही माणसं एकमेकांची डोकी फोडत बसली असती याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्या वर्षी त्यांनी जो कोर्स काढला त्याचं नाव 'मऊ शब्द, पक्कं काम'. पद्धत सोपी. आधी समोरच्याचं काहीतरी कौतुक करायचं, ही पहिली उशी. मग जे कडू सांगायचं असेल ते हळूच ठेवायचं, तो दगड. आणि वरून पुन्हा कौतुक, ही दुसरी उशी. मास्तर हे करूनही दाखवत. दगड कारखान्याच्या आवारातून उचललेला, चांगला दोन किलोचा. उशा घरून आणलेल्या. घरात एकूण चार उशा, त्यातल्या दोन अशा कंपनीत नोकरीला लागल्या, आणि मास्तरांची बायको डोक्याखाली शालीची गुंडाळी घेऊन झोपू लागली. तिने दोनदा विचारलं, उशा कधी येणार. मास्तर म्हणाले, "अगं, तुझ्या उशांमुळे चारशे माणसांचे स्वभाव सुधारताहेत." ती म्हणाली, "माझी मान अवघडलीय, तेवढी बघा."

कोर्सच्या शेवटी परीक्षा असायची. चिठ्ठी उचलायची, त्यावर एक वाईट बातमी लिहिलेली, ती समोरच्याला सांगायची. कारखान्याच्या मोठ्या साहेबांना चिठ्ठी आली, 'सहकाऱ्याची बदली झाली आहे.' साहेब अकरा मिनिटं बोलले. बोलणं संपलं तेव्हा सहकारी झालेल्या माणसाने टाळ्या वाजवल्या आणि सत्कार कधी आहे ते विचारलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. शंभरपैकी सत्त्याण्णव गुण.

तीच चिठ्ठी गेटवरच्या वॉचमन काकांना आली. ते उभे राहिले आणि म्हणाले, "तुमची बदली झालीय. उद्यापासून जुन्या गोदामात."

"काका, उशी कुठंय?" मास्तरांनी विचारलं.

"साहेब, त्याला सामान बांधायचं असेल. उशीत वेळ गेला तर त्याची गाडी चुकेल."

काकांना तीनदा परीक्षेला बसवलं. तिन्ही वेळा तेच. चारशे माणसांत एकटे वॉचमन काका नापास झाले. मास्तरांनी त्यांच्या नावापुढे 'सुधारणेस वाव' असं लिहिलं आणि पालथ्या घड्यावर पाणी म्हणून सोडून दिलं.

बाकी कारखान्यावर मात्र पद्धतीचा असा काही परिणाम झाला, की विचारू नका. कॅन्टीनवाल्याला आठजणांनी निरनिराळ्या वेळी सांगितलं, की भाजी खारट होते. त्याने घरी जाऊन आपल्या हाताला चव आहे हे लोकांना उशिरा का होईना कळलं असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मीठ वाढवलं. लोक पाणी पिऊन पिऊन जेवू लागले, पण भांडण एकही झालं नाही. मास्तरांनी महिन्याच्या अहवालात लिहिलं, 'तक्रारी: शून्य.'

खरा घोळ झाला तो क्वालिटीच्या मॅडमकडे. तयार झालेला प्रत्येक काटा या बाईंच्या टेबलावरून जायचा. पूर्वी काटा चुकला की त्या असेंब्लीच्या फोरमनला खिडकीतूनच ओरडायच्या, "भंगार आहे, परत न्या." फोरमन शिव्या देत यायचे, काटे न्यायचे, दुरुस्त करून आणायचे. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि काटे मात्र चोख होते. आता मॅडमना कोर्समध्ये अठ्ठ्याऐंशी गुण मिळालेले. दोनशे काट्यांचा एक लॉट आला, तो किलोमागे चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. मॅडमनी फोरमनना बोलावून खुर्ची दिली.

"फोरमन, तुमच्या माणसांच्या हाताची सफाई काय आहे हो. रंग बघा, कडा बघा."

"आपलं कर्तव्य, मॅडम."

"आणि हे काटे किती उदार आहेत. किलोला किलो न म्हणता थोडं वरच म्हणतात. असा उदार काटा मी आजवर पाहिला नव्हता. या बाबतीत तुम्ही पुन्हा एकदा विचार कराल, याची मला खात्रीच आहे. तुमच्यासारखा फोरमन आहे म्हणून मी निर्धास्त असते."

फोरमननी विचार केला. विचार करून त्यांनी सगळ्या मुलांना चहा पाजला आणि दोनशे काटे गाडीत भरून पाठवून दिले.

तीन आठवड्यांत काटे परत आले. काट्यांबरोबर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन वैतागलेल्या दुकानदारांची पत्रं आली, आणि दुकानदार काही कोर्सला बसलेले नव्हते. मग बैठक बसली, चूक कुणाची हे ठरवायला. तीन तास चालली. मॅडमनी फोरमनचं कौतुक केलं, फोरमननी मॅडमचं केलं, दोघांनी मिळून साहेबांचं केलं, आणि चूक काही सापडली नाही. शेवटी वरच्या ऑफिसातून एका ओळीचा हुकूम आला: खर्च कमी करा, ट्रेनिंग विभाग बंद करा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर हा संन्यासीच चोरांचे वर्ग घेत होता.

आता ही बातमी मास्तरांना सांगायची होती. आणि सांगणार कोण, तर सत्त्याण्णव गुणांचे मोठे साहेब.

"बसा मास्तर," साहेब म्हणाले. "खरं सांगू? या इमारतीत मला कुणाचा हेवा वाटत असेल तर तो तुमचा."

पहिली उशी, मास्तरांच्या लगेच लक्षात आलं. मनातल्या मनात त्यांनी दहापैकी दहा देऊन टाकले.

"बारा वर्षं त्या एवढ्याशा खोलीत तुम्हाला आम्ही अडकवून ठेवलं. मला कधी कधी फार अपराधी वाटतं."

"अहो साहेब, मी कधी तक्रार केली का?"

"तुम्ही करणार नाही, हा तुमचा मोठेपणा. पण आम्ही किती दिवस स्वार्थी राहायचं? वरच्या ऑफिसचंही हेच म्हणणं पडलं. तेव्हा एक तारखेपासून आम्ही तुम्हाला मोकळं करतोय. तुमच्यापुढे फार मोठं मैदान आहे, मास्तर."

इथे दगड पडला होता, तोही थेट मास्तरांच्या पायावर. पण मास्तरांचं लक्ष पायाकडे नव्हतं. 'मैदान' म्हणताना साहेबांनी दोन्ही हात कसे पसरले, आवाज कुठे खाली आणला, डोळ्यांत डोळे कसे घातले, हे ते बघत होते. आपला विद्यार्थी आपल्यापुढे आपलीच विद्या इतक्या सफाईने करून दाखवतोय, या आनंदात ते बुडून गेले होते.

"तुमची खोली आता सुट्या भागांसाठी घेणार आहोत," साहेब उठून हात मिळवत म्हणाले, "पण लोक तिला मास्तरांची खोली म्हणूनच ओळखतील."

ही दुसरी उशी. मास्तर जिना उतरताना हिशेब करत होते. दोन्ही उशा फर्स्ट क्लास, पण साहेब मधला दगड ठेवायला विसरले. म्हणजे तीन गुण कापायला हवेत. मग त्यांना वाटलं, दगड नव्हताच तर ठेवणार कुठून? बातमीच चांगली होती. मोठं मैदान म्हणजे उघड आहे, सगळ्या शाखांचं ट्रेनिंग आपल्याकडे येणार.

मास्तरांची बायको हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर कापायचं काम करायची. पेशंटला ती एकच सांगायची, "दुखेल, हलू नका," आणि करवत चालवायची. संध्याकाळी मास्तरांनी तिला बढतीची बातमी सांगितली तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं.

"काय म्हणाले साहेब? शब्दाला शब्द सांगा."

मास्तरांनी हात पसरण्यासकट सगळं करून दाखवलं.

"हुद्दा काय दिला?"

"मैदान म्हणाले."

"मैदान हा हुद्दा असतो?"

"अगं, मोठ्या माणसांचं बोलणं असं सूचक असतं. तुझ्या दवाखान्यात सगळा हाडांचा मामला, तुला नाही कळायचं."

"हाडं माणसांचीच असतात," ती म्हणाली. "अहो, मला हे लक्षण बरं दिसत नाही. उद्या जाऊन सरळ विचारा, मोडलंय की मुरगळलंय."

मास्तरांनी विचारलं नाही. सरळ विचारणं हे त्यांच्या पद्धतीत बसत नव्हतं. आणि चारच दिवसांत कंपनीचं पत्रही आलं. ऑफिसातल्या ज्या बाईंनी ते लिहिलं होतं, त्यांना कोर्समध्ये एक्क्याण्णव गुण होते. पत्र दोन पानी. त्यात मास्तरांच्या वक्तशीरपणापासून अक्षरापर्यंत सगळ्याचा गौरव होता आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक वाक्य होतं: 'दिनांक एकपासून आपल्या सेवेचा भार आपल्यावर टाकत राहण्याची कंपनीची इच्छा नाही.' मास्तरांनी पत्राला काच लावून घेतली आणि ते ट्रेनिंगच्या खोलीत टांगलं. घरी फक्त ते वाक्य म्हणून दाखवलं.

"भार टाकायची इच्छा नाही म्हणजे?" बायकोने विचारलं.

"म्हणजे हाताखाली माणसं देणार."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, एक्सरे बघावा तसं.

त्याच आठवड्यात एका साबण कारखान्याच्या मॅनेजर बाईंचा मेल आला. या बाई मागे एकदा पाहुण्या म्हणून मास्तरांच्या उशांच्या वर्गाला बसल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, आमच्याकडे ट्रेनरची जागा आहे, एक तारखेला रुजू व्हा, जमणार नसेल तर तसं कळवा. तीन ओळी. मास्तरांना या बाईंची कीव आली. वर्गाला बसूनही तीन ओळीच.

"लगेच नाही म्हणू नका," बायको म्हणाली. "चार दिवस थांबा. एक तारीख येऊ दे."

"दोन डगरींवर हात ठेवणं आपल्याला जमत नाही. इथे कंपनी मला डोक्यावर घ्यायला निघालीय आणि मी साबणाकडे बघू?"

"अहो, एक्कावन्नाव्या वर्षी कुणी बोलावतंय. दुसऱ्यांदा कोण बोलावणार?"

मास्तरांनी ऐकलं नाही. दोन तास बसून त्यांनी नकाराचा मेल लिहिला. असा नकार त्यांनी आयुष्यात लिहिला नव्हता. पाच परिच्छेद, सगळीकडे उशा. पाठवल्यावर स्वतःच दोनदा वाचून काढला आणि स्वतःला अठ्ठ्याण्णव गुण दिले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ट्रेनिंगच्या खोलीत निरोपाचा कार्यक्रम झाला. चोवीस खुर्च्या भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यांना ठाऊक होतं की मास्तरांची नोकरी गेली, आणि प्रत्येकाने ते मास्तरांना सांगितलंही. फक्त मास्तरांनीच शिकवलेल्या पद्धतीने. फोरमन म्हणाले, "तुमच्याशिवाय हा कारखाना कसा चालतो ते आता आम्ही बघणार." क्वालिटीच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला आता सकाळी घाई नाही, किती छान." मास्तरांनी उत्तरादाखल भाषण केलं, की मी कुठेही गेलो तरी माझा पाय जमिनीवरच राहील. मागे कॅन्टीनवाला ढसाढसा रडला. मास्तरांना वाटलं, माणसं किती जीव लावतात. कंपनीने भेट म्हणून एक वजनकाटा दिला. तो परत आलेल्या लॉटमधला होता.

एक तारखेला मास्तर लग्नातला कोट घालून कारखान्याच्या गेटवर हजर झाले. शाखांच्या दौऱ्यासाठी गाडी येणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यांनी कार्ड लावलं. दिवा लाल झाला. पुसून लावलं, पुन्हा लाल. कोटाच्या बाहीवर घासून तिसऱ्यांदा लावलं, तरी लाल. तेवढ्यात बाजूच्या खिडकीतून रिसेप्शनवालीने मान बाहेर काढली.

"गुड मॉर्निंग सर. कोट काय शोभतोय हो तुम्हाला."

"कार्ड चालत नाहीये, बाई."

"सर, तुमच्यासारखी माणसं गेटच्या त्या बाजूलाही किती छान दिसतात. तिकडे ऊनही मोकळं असतं. तुमचं हसणं मला कायम लक्षात राहील." आणि तिने खिडकी लावून घेतली.

मास्तर ऊन खात उभे राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधरा गेली. कामावर येणारी माणसं त्यांना बघून छातीवर हात ठेवत, काहीतरी गोड बोलत आणि घाईने आत जात. बरोबर साडेनऊला वॉचमन काका केबिनमधून बाहेर आले. लेकीच्या बाळंतपणासाठी ते महिनाभर रजेवर होते, आजच हजर झाले होते.

"मास्तर, इथे का उभे?"

"कार्ड बिघडलंय, काका."

"कार्ड बिघडलं नाही. तुम्हाला कामावरून काढलंय. आत सोडायचं नाही अशांची यादी आहे, त्यात तुमचं नाव आहे."

सवयीने मास्तरांच्या तोंडून निघालं, "काका, अहो, आधी काहीतरी चांगलं..." आणि मग वाक्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला. काकांनी आपलं स्टूल पुढे सरकवलं, त्यावर ते बसले. मैदान, भार, सुटे भाग, सकाळची घाई, ही सगळी वाक्यं एकामागून एक आठवली, आणि या वेळी प्रत्येकातला दगड लख्ख दिसला. मास्तरांना रडू आलं. बारा वर्षांत त्यांना असं लहान कधी वाटलं नव्हतं.

"सगळ्यांना माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना. त्यांनी तुम्हाला सांगितलं असं म्हणतात."

"हो," मास्तर म्हणाले. "सांगितलं खरं."

काकांनी त्यांना पाणी दिलं आणि केबिनमधून त्यांचं सामान आणलं. दोन उशा, आणि काच लावलेलं पत्र.

"दगड?" मास्तरांनी विचारलं.

"दगड आवारातला आहे. बाहेर न्यायला पास लागतो, तो मिळणार नाही."

मास्तरांनी दोन उशा दोन काखांत घेतल्या. जाता जाता ते थांबले. एक गोष्ट तरी या हाताने नीट व्हावी असं त्यांना मनापासून वाटलं.

"काका, तुम्हाला मी तीनदा नापास केलं. चूक माझी होती. आजपासून तुम्ही पास."

"तुमच्या पासला आता इथे किंमत नाही, मास्तर," काका म्हणाले. "जरा कडेला व्हा, ट्रक येतोय."

घरी कुणी नव्हतं. मास्तर उशा मांडीवर घेऊन बसून राहिले. दुपारी दोनला बायको ड्युटीवरून आली, तर हे कोटासकट तसेच बसलेले. तिला सांगायचं कसं हे त्यांनी चार तास घोकलं होतं, पण अंगात मुरलेली सवय एका सकाळीत जात नाही.

"आलीस?" ते म्हणाले. "केस किती छान बांधलेस आज."

बायको दारातच थांबली. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, केसांचा विषय पहिल्यांदाच निघाला होता. तिने मांडीवरच्या उशांकडे बघितलं.

"नोकरी गेली?"

मास्तरांनी मान हलवली. दुसरी उशी ठेवायची राहूनच गेली.

"कधी?"

"साहेबांनी मैदान म्हटलं तेव्हाच गेली होती. मला आज कळलं."

ती शेजारी येऊन बसली. रागावेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती रागावली नाही. म्हणाली, "मोडलंय. मुरगळलं असतं तर वाईट, ते लांबतं. मोडलेलं जुळतं. उठा, कोट काढा, साबणवाल्यांना फोन लावा."

"त्यांना मी नाही म्हटलं."

"कधी?"

"तू थांबा म्हणालीस त्याच दिवशी."

आता मात्र ती रागावली. आपण सांगितलेलं ऐकायचंच नाही, अशी या घरात शपथ घेतलीय का, असं तिने विचारलं. मग ती म्हणाली, "दाखवा काय लिहिलंय ते. थोडी तरी फट ठेवलीय का बघू."

मास्तरांनी मेल उघडून दिला. तिने तो वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"यात नकार कुठंय?"

"तो काय, चौथ्या परिच्छेदात."

तिने मोठ्याने वाचलं, "'आपल्यासारख्या संस्थेच्या दारात उभं राहायला मिळणं हेच माझं भाग्य. मी सध्या जिथे आहे तिथूनही माझं मन आपल्याकडेच राहील आणि एक तारखेला सकाळी मला आपली आठवण येईल.' हा नकार?"

"मग काय? 'जिथे आहे तिथून' म्हटलंय की."

"अहो, असा नकार मला लग्नाआधी कुणी दिला असता, तर मी मांडवात जाऊन उभी राहिले असते."

ती पुढे आणखी बोलणार होती, पण तेवढ्यात फोन वाजला. साबण कारखान्याच्या मॅनेजर बाई.

"मास्तर, आहात कुठे? सकाळपासून तुमची खुर्ची मांडून ठेवलीय. तुमचा होकार तर आमच्या सगळ्या ऑफिसने वाचला. दोघीजणी रडल्या."

मास्तर फोन हातात धरून बायकोकडे बघत राहिले. तिने तो त्यांच्या हातातून घेतला, स्पीकर लावला आणि खुणेने सांगितलं, बोला.

"येतो," मास्तर म्हणाले. एक शब्द. वर्गात कुणी इतकं थोडं बोललं असतं तर त्यांनी त्याला नापास केलं असतं. "आज जरा अडचण आली. उद्या येतो."

"या ना. खरं सांगू का मास्तर, तुमच्यासारखा निरोगी, काटक, उत्साही माणूस आम्हाला शोधून सापडला नसता. तुमचे गुडघे तर..."

मास्तर ताठ झाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दगड येताना आधी दिसला होता.

"बाई," ते म्हणाले, "उशी राहू द्या. दगड सांगा."

बाई मास्तरांच्याच हाताखाली शिकलेल्या, त्यांना हे जड गेलं असणार.

"ट्रेनिंगची खोली सातव्या मजल्यावर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "लिफ्ट नाही."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती केव्हाच उठली होती आणि दोन्ही उशांचे अभ्रे काढून धुवायला घेत होती.

"दगडापेक्षा वीट मऊ," ती आतून म्हणाली. "चढा. आणि उद्या जाताना घरातून काही उचलून नेऊ नका."